आकाशवाणीच्या आठवणी : ठाणे-कळवा-नवी मुंबईकरांनो, लिहा

नौपाड्याची_मीरा
काल तलावपाळीवर शहाळेवाल्याच्या ट्रान्झिस्टरवर मराठी बातम्या चालू होत्या. ‘मोडकसागर’ ऐकलं आणि पैसे द्यायचे सोडून ऐकतच उभी राहिले. आमच्या चाळीत नळाला पाणी पहाटे यायचं, तेही तासभर. त्यामुळे पावसाळ्यात आईचा एक कान रेडिओकडेच. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर… एखादा तलाव भरून वाहू लागला की कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली, ती पेन्सिलीने फक्त नाव लिहायची. ‘तानसा’. बस. तानसा आणि मोडकसागर आपल्याच जिल्ह्यातले, शहापूरकडचे, पण आमच्या घरात ते आले रेडिओवरून. माझा भूगोल तिथेच पक्का झाला. तुमच्याकडे काय लागायचं? बातम्या, हवामान, वनिता मंडळ, कामगार सभा, काहीही लिहा.

कळव्याचा_बंड्या
कामगार सभा!!! वडील ठाणे-बेलापूर रोडच्या कंपनीत होते. पहिली पाळी करून आले की चहा आणि रेडिओ, मधे कोणी बोलायचं नाही. आता ते नाहीत. पुढचं नंतर लिहितो, डोंबिवली लोकलमधे उभा आहे.

दिवाळे_कोळीवाडा
तुमच्याकडे पाण्यासाठी, आमच्याकडे वाऱ्यासाठी. आजा होडीवर रेडिओ न्यायचा. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेली, म्हणजे खारं पाणी आत जात नाही. बटण पिशवीवरूनच फिरवायचं. ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ आलं की आजी आजाकडे नुसती बघायची. त्याला वाटलं तरी तो जायचा नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी तर सगळं आवार त्या हवामानाकडे कान लावून. आज मोबाईलवर सगळं येतं, चांगलंच आहे, पण ओल्या हाताने मोबाईल चालवून दाखवा.

मीरा
@दिवाळे, ती ट्यूबची पट्टी डोळ्यांसमोर आली अगदी 🙏

ऐरोली_सेक्टर८
‘कोकणात बहुतेक ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी आणि विदर्भात तुरळक ठिकाणी.’ शाळेत कविता पाठ नव्हती, हे पाठ होतं.

जुना_मेकॅनिक
आमच्या ठाण्यातच मर्फीचा कारखाना होता, हे नव्या पिढीला सांगायला हवं. माझे दोन काका तिथे. त्यामुळे घरात रेडिओ उघडणं हे बाळबोध शिक्षण.
मीडियम वेव्हला आत फेराइटची कांडी असते, तांब्याची तार गुंडाळलेली. अँटेना तीच. ती लहरींना आडवी असेल तर आवाज भरून येतो, टोक त्या दिशेला गेलं की बसतो. म्हणून सगळे रेडिओ हातात धरून फिरवायचे. रात्री लांबची केंद्रं लागायची, कारण दिवसा वातावरणाचा जो थर या लहरी शोषून घेतो तो सूर्य मावळल्यावर विरतो आणि वरच्या थरावरून त्या परत खाली येतात. मुंबई ब म्हणजे आजची अस्मिता, ५५८ किलोहर्ट्झ. कळव्याला उच्च दाबाच्या तारांखाली खरखर, आता घरोघरी एलईडी बल्बची खरखर. बल्ब बंद करून बघा, फरक कळेल.

बंड्या
बरोबर!! आमच्या घरावरूनच त्या तारा. वडील रेडिओ खिडकीच्या एकाच कोपऱ्यात ठेवायचे, तिथे आम्हाला पिशवी टेकवायची पण परवानगी नव्हती.

वाशीची_अनघा
आकाशवाणीची ती सुरुवातीची धून कोणी बांधली माहीत आहे का? वॉल्टर कॉफमन. नाझींच्या छळापासून दूर इथे आलेले ज्यू संगीतकार, मुंबई केंद्रावर काम करत होते. आजही ती धून लागली की माझ्या सासूबाई हातातलं काम थांबवतात.

शेवळं_प्रेमी
वनिता मंडळात एकदा शेवळांची, म्हणजे त्या पावसाळी रानभाजीची, कृती सांगितली होती, आईने वहीत लिहून घेतली. येऊरच्या बायका जांभळी नाक्याला घेऊन बसतात ना, तीच. काकडं (ती आंबट रानफळं) घालायचीच, नाहीतर घसा खाजतो.

ऐरोली_सेक्टर८
काकडं नसतील तर चिंच?

शेवळं_प्रेमी
चालते, पण काकडांची चव नाही. आणि आतला पिवळा भाग काढून टाका, तो खाजरा असतो.

मीरा
धागा भाजीकडे वळला तरी माझी हरकत नाही, तेही रेडिओनेच दिलंय 😄

उल्हासकाठ
२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, आमच्याकडे उल्हास नदी घरात. वीज नाही, मोबाईल लागत नाही, भाऊ ठाण्यात अडकलेला. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ, सगळा मजला त्यांच्या दारात. लोकल बंद आहेत, कुठे थांबा, कुठे जाऊ नका, एवढं तरी कळत होतं. भाऊ तिसऱ्या दिवशी रुळांवरून चालत आला. तेव्हापासून घरात सेल भरलेला रेडिओ असतो, मुलांनाही सांगून ठेवलंय कुठे आहे.

अनघा
काय दिवस होते ते. काळजी घ्या सगळे, याही वर्षी पाऊस जोरात आहे.

खाडी_निरीक्षक
मला एक मागणी करायची आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलं. ऐरोलीला, बेलापूरला माणसं दुर्बीण घेऊन उभी असतात. पण पक्षी कधी आले, चिखल किती आहे, भरती केव्हा, हे मराठीत रोज दोन मिनिटं कोणी सांगत नाही. प्रादेशिक रेडिओचं कामच हे. दिवाळ्याच्या आजोबांना जसं वारं सांगितलं, तसंच खाडीचंही सांगा. मी केंद्राला पत्र लिहिणार आहे, सही कोण करतंय?

दिवाळे_कोळीवाडा
मी. पण माशांचंही लिहा त्यात. खाडीत निवट्या पूर्वीसारख्या मिळत नाहीत, ती पण बातमीच आहे.

बंड्या
माझी घ्या. वडिलांचा रेडिओ माळ्यावर आहे, चालू करून बघतो. मेकॅनिक काका, सेल गळून आतली पट्टी हिरवी झालीय, काय करू?

जुना_मेकॅनिक
आधी सेल काढ. कापसाला लिंबाचा रस लावून हलक्या हाताने पूस, मग कोरडं कर. पट्टी पार खाल्ली गेली असेल तर फोटो टाक, बघू.