दुसरीच्या वर्गात शब्दपट्ट्या घेऊन बाहेरच्या माणसांनी बसावं का?

वाचनवेडी_पर्वती
बँकेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, मी पर्वती पायथ्याजवळच्या एका मनपा शाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी दुसरीच्या वर्गाला जाते. व्हरांड्यात सतरंजी टाकायची, चार मुलं घ्यायची, वीस मिनिटांनी पुढची चार.

एका मुलीला मुळाक्षरं येत होती, बाराखडी तोंडपाठ होती. गोष्टीत ओळ आली, 'कोल्हा म्हणाला, मी नाही येणार.' कोल्हा चित्रामुळे सुटला. पुढच्या शब्दावर बोट थांबलं. "म... ह... णा... ला. महणाला. बाई, महणाला म्हंजे काय?" हीच मुलगी दिवसभर 'ती अशी म्हणाली, तो असा म्हणाला' करत असते!

तेव्हा लक्षात आलं, की म्हणाला, त्याला, झाल्या, होत्या हे शब्द गोष्टीच्या पहिल्या पानापासून भेटतात आणि जोडाक्षरं आपण सगळ्यात शेवटी शिकवतो. मग असे तीस शब्द पट्ट्यांवर लिहिले आणि रोजच्या ओळखीचे करून टाकले. दिवाळीनंतर ती मुलगी न अडखळता गोष्ट वाचू लागली. माझं ठाम मत आहे, की पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गाला असं एक ठरलेलं माणूस मिळायला हवं.

खडूफळा
ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण मी विरोधात आहे. एकोणीस वर्षं पहिली-दुसरी शिकवते आहे.

वारंवार येणारे शब्द नजरेने ओळखायचे ही पद्धत इंग्रजीच्या गरजेतून आली. अमेरिकेत एडवर्ड डॉल्च यांनी 1936 मध्ये 220 शब्दांची यादी केली, कारण तिथे 'सेड' किंवा 'वॉज' हे शब्द अक्षरांवरून नीट उलगडत नाहीत. आपल्याकडे अक्षर आणि मात्रा कळली की शब्द हातात येतो. पट्ट्यांनी काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या वर्गातला एक मुलगा 'आणि' लगेच ओळखायचा. पट्टी बदलली तर गप्प. जुन्या पट्टीच्या कोपऱ्यात शाईचा डाग होता, तो डाग बघून तो 'आणि' म्हणत होता.

दुसरं, आमच्या शाळेत जुलैत असे वाचन घ्यायला आठ जण आले होते, दिवाळीनंतर तीन उरले. "ते दादा का येत नाहीत?" याचं उत्तर मुलांना मी द्यायचं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. माझ्या वर्गात सत्तेचाळीस मुलं, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि मतदार यादीचं काम. जागा भरा म्हणून भांडायचं सोडून आपण सतरंज्या टाकतोय.

जालन्याची_लेक
मी आई म्हणून लिहिते. आम्ही कामासाठी जालन्याहून पुण्यात आलो. घरी आम्ही 'पानी'च म्हणतो. पोराच्या शाळेत एक काका वाचन घ्यायला यायचे, माणूस चांगला. पण पुस्तकात 'पाणी' आलं आणि पोरानं 'पानी' वाचलं की थांबवायचे. "ण म्हण, ण." तीन-चार वेळा झालं आणि पोरानं मोठ्यानं वाचणंच सोडलं. शब्द तर त्यानं बरोबर ओळखला होता ना? वर्गातल्या बाईंनी कधी असं अडवलं नाही. येणाऱ्यांना आधी कुणीतरी हे शिकवा.

अक्षरगट
जालन्याच्या ताईंशी शंभर टक्के सहमत.

खडूफळा, 'अक्षर कळलं की शब्द आला' हे मात्र पुरतं खरं नाही. 'कमळ' मधला म आपण पूर्ण म्हणतो आणि ळ तोडतो, हे मुलाला कुठल्या मात्रेवरून कळतं? 'चार' आणि 'चारा' मधला च लिहायला एकच, म्हणायला दोन. हे पुष्कळ वाचूनच अंगवळणी पडतं आणि वाचताना शेजारी ऐकणारं कुणी लागतं. केंद्र सरकारचं 'निपुण भारत' हे अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचेल यासाठी 2026-27 ची मुदत ठेवली. सत्तेचाळीस मुलांचं वाचन एकटी बाई रोज कसं ऐकणार? जागा भरेपर्यंत आजची दुसरी थांबत नाही, ती चौथीत जाते.

खडूफळा
जागांचा मुद्दा मी सोडणार नाही. 'म्हणाला'चं मात्र मान्य. मीही जोडाक्षरं जानेवारीपर्यंत लांबवते आणि गोष्टी जुलैपासून वाचायला देते, हे आज पहिल्यांदा नीट दिसलं. पण शब्द वर्गशिक्षिकेने निवडावेत, तेही अक्षरं आलेल्या मुलांसाठीच. आणि येणाऱ्याने एप्रिलपर्यंतचा शब्द द्यावा, नाहीतर येऊच नये. शिवाय पट्टी एकटी दाखवू नका. 'म्ह'ची भावंडं शेजारी ठेवा, म्हणजे मूल शब्दाचं चित्र पाठ न करता अक्षर धरेल.

वाचनवेडी_पर्वती
जालन्याची लेक, खरं सांगते, मीही 'ण' साठी मुलांना अडवलं आहे. यापुढे नाही.

खडूफळा, तुमचं ऐकून काल शुक्रवारी म्हणाला, म्हैस, म्हातारी अशा तीन पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या आणि 'म्ह'खाली लाल रेघ मारली. मुलं बराच वेळ बघत बसली. मग मागचा एक मुलगा, जो आजवर स्वतःहून कधी बोलला नव्हता, पुढे सरकला. "बाई, आमच्या गल्लीतला म्हसोबा पण यातच!" कोरी पट्टी त्याच्याच हातात दिली. त्याने लिहिलं आणि स्वतः वाचून दाखवलं.