त्रैक्य आणि तौहीद : तुलनेचा तक्ता नेमका कुठे चुकतो?

तासिका_चौथी

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला ‘ख्रिस्ती आणि इस्लामी ईश्वरकल्पना’ हा घटक आहे : त्रैक्य (एकच देव, पण पिता, पुत्र व पवित्र आत्मा) आणि तौहीद (देवाचं निखळ एकत्व). ५० मिनिटांच्या दोन तासिका. बाजारातल्या गाइडांमध्ये दोन रकाने पाडून मोकळे होतात : इकडे ‘तीन रूपांतला देव, प्रेमळ पिता’, तिकडे ‘एकच देव, कडक न्यायाधीश’. हा तक्ता फळ्यावर लिहायला हात धजत नाही. निकेयाचा विश्वासांगीकारही (ख्रिस्ती श्रद्धेचं जुनं सूत्र, पुत्राला ‘जनित’ म्हणणारं) ‘एकाच देवावर’ असाच सुरू होतो, आणि कुराणाच्या ११४ पैकी ११३ सुरांच्या (अध्यायांच्या) माथ्यावर ‘रहमान, रहीम’ (दयाळू, कृपाळू) हीच नावं आहेत.

विचारायचं ते असं. त्रैक्य शिकवताना पाणी-बर्फ-वाफ चालेल का? ‘लम यलिद व लम यूलद’ (कुराणाची ११२वी सुरा : त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्यालाही कुणी दिला नाही) हे निकेयाला थेट उत्तर मानायचं का? आणि ‘दोघांचा देव एकच का?’ असं कुणीतरी विचारणारच. तिथे हो किंवा नाही एवढंच सांगून भागेल असं वाटत नाही.

उक्नूम

गाइडाचा पहिला रकाना पहिल्याच शब्दाला घसरलाय. ‘तीन रूपं’ हे ख्रिस्ती मत नव्हेच. चर्चने पाखंड म्हणून नाकारलेलं मत आहे, तिसऱ्या शतकातल्या सबेलियसच्या नावाने ओळखलं जातं. एकच नट तीन सोंगं घेतो, असा त्याचा अर्थ होतो. मग येशू प्रार्थना करतो ती कुणाला? आतल्या आत स्वतःलाच? पाणी-बर्फ-वाफ ही उपमा नेमकी याच खड्ड्यात पडते, कारण तेच पाणी एका वेळी तिन्ही अवस्थांत नसतं. अंडं (कवच, पांढरा, पिवळा) घेतलंत तर उलट घोटाळा : प्रत्येक भाग तिसरा हिस्सा ठरतो, पूर्ण अंडं कुठलाच नाही. उपमा द्यायचीच तर ती कुठे मोडते हे सांगण्यासाठी द्या.

ब्रह्मा-विष्णू-महेशाशी जुळणी केली की कामाची वाटणी डोक्यात येते : एक घडवणारा, एक पाळणारा, एक मोडणारा. त्रैक्यात अशी वाटणी नाही. जगाच्या बाबतीतली प्रत्येक कृती तिघांची मिळून एकच, हा लॅटिन परंपरेतला जुना नियम आहे. फरक फक्त आपसातल्या नात्याचा : पिता कुणापासून नाही, पुत्र पित्यापासून जनित, आत्मा निघतो. (तो पित्यापासून की ‘पित्यापासून व पुत्रापासून’, यावरून पूर्व आणि पश्चिमेची चर्चेस आजही भांडतात. दोन तासिकांत त्या बोळात शिरू नका.) दत्ताची तसबीरही टाळा. तीन शिरं, एक देह म्हटलं की पुन्हा ‘भाग’ आले.

आता शब्द. ग्रीक सूत्र : ‘ऊसिया’ एक, ‘हिपोस्टेसिस’ तीन. अरबी ख्रिस्ती म्हणतात, ‘जौहर’ एक, ‘उक्नूम’ तीन. मराठीत आपण ‘तत्त्व एक, व्यक्ती तीन’ म्हणतो, आणि ‘व्यक्ती’ म्हटलं की मराठी कानाला तीन वेगवेगळी माणसं ऐकू येतात. वर्गात निम्मा गोंधळ या एका शब्दाने होतो. त्यापेक्षा मत्तय २८:१९ फळ्यावर लिहा : ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने’. तिघांची यादी करून पुढे ‘नावांनी’ नाही, ‘नावाने’. मूळ ग्रीकमध्येही ते एकवचनच आहे. अरबी ख्रिस्ती क्रुसाची खूण करताना याच्यापुढे ‘अल-इलाह अल-वाहिद’, म्हणजे ‘एकच देव’, असं जोडतात. शेजारी कोण राहतं हे लक्षात घेऊन केलेली ही भर उघड दिसते.

‘लम यलिद’बद्दल : निकेयाला थेट उत्तर म्हणू नका, निदान तेवढंच म्हणू नका. धातू पाहा. ‘वलद’ म्हणजे पोटचं मूल. ‘इब्न’ त्याहून सैल : वाटसरूला कुराणातच ‘इब्नुस्सबील’, वाटेचा पुत्र, म्हटलंय (२:१७७). सुरा ६:१०१ विचारते की त्याला जोडीदारीणच नाही, तर ‘वलद’ कुठून? हा आक्षेप देहाच्या जन्मावर आहे, आणि असा जन्म ख्रिस्तीही मानत नाहीत. १२१५च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने तर ईश्वरी तत्त्व ‘जन्म देत नाही, जन्मत नाही’ असंच लिहून ठेवलंय. जनकत्व पित्याचं, तत्त्वाचं नव्हे. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की वर्ग जागा होतो.

पण लगेच ‘म्हणजे भांडण शब्दांचंच’ असा निष्कर्ष काढू देऊ नका. ९:३० मध्ये ‘इब्न’ शब्दही नाकारलाय, ४:१७१ मध्ये ‘तीन म्हणू नका’ असं स्पष्ट आहे. देवाच्या आत चिरंतन नातं आहे, या कल्पनेलाच इस्लामचा नकार आहे. देहाचा गैरसमज दूर झाला तरी हा नकार उरतोच.

दीनार_दिरहम

वरच्यात एक भर. हा वाद पुस्तकाआधी दगडावर आणि सोन्यावर दाखवता येतो.

जेरुसलेमच्या घुमटी वास्तूत (कुब्बतुस्सखरा, हिजरी ७२, म्हणजे इ.स. ६९१-९२) आतल्या अष्टकोनी कमानींवर दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे २४० मीटर लांबीचा लेख फिरतो. आतल्या बाजूला ४:१७१ आहे : ‘ग्रंथधारकांनो, धर्मात अतिरेक करू नका’, आणि पुढे मरियमपुत्र ईसा हा अल्लाचा प्रेषित, त्याचा शब्द, त्याच्याकडचा आत्मा. ज्या शहराच्या क्षितिजावर तेव्हा चर्चचे घुमट होते तिथे हे लिहिलंय.

नाणी तर त्याहून बोलकी. खलीफा अब्दुल मलिकने नाणी बदलली त्याआधीचे सोन्याचे दीनार बायझंटाइन नाण्यांची नक्कल होते. पायऱ्यांवरचा क्रूस तसाच घेतला, फक्त त्याचा आडवा दांडा काढून नुसता खांब ठेवला. हिजरी ७७ मध्ये चित्रं पुरती गेली आणि ४.२५ ग्रॅमच्या दीनारवर निव्वळ मजकूर आला : मागच्या बाजूला मधोमध ‘अल्लाहु अहद अल्लाहुस्समद लम यलिद व लम यूलद’. दीनार लहान, म्हणून मजकूर तीन ओळींत इथेच थांबतो. रुंद चांदीच्या दिरहमवर ११२व्या सुरेचं चौथं वाक्यही मावतं. या नाण्यांची छायाचित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मिळतात. पाच मिनिटं पुरतात.

कलाम_शास्त्र

उक्नूम यांचं म्हणणं बरोबर, फक्त एक बाजू राहिली. ‘इस्लाममध्ये एक म्हणजे एक, आत काही प्रश्नच नाही’ असं वर्गाला वाटून जाईल. प्रश्न होता, आणि त्यापायी माणसांनी फटके खाल्ले.

अल्ला जाणतो, बोलतो, इच्छितो. मग त्याचं ज्ञान, वाणी, इच्छा हे त्याच्याहून वेगळे आहेत का? वेगळे आणि अनादी म्हणाल तर अनेक अनादी झाले. मुअतझिला (तर्कावर भर देणारा इस्लामी पंथ) म्हणाले, वेगळं काहीच नाही. म्हणून कुराणही निर्मित. खलीफा अल-मामूनने ८३३ मध्ये हे मत काझी-विद्वानांवर लादलं. हदीसचे विद्वान अहमद इब्न हंबल यांनी ते मानलं नाही, तुरुंग आणि चाबूक सोसला. पुढे सुन्नी मुख्य प्रवाहाचं मत ठरलं ते असं : कुराण ही अल्लाची वाणी, ‘गैर मखलूक’, अनिर्मित. अशअरी या सुन्नी विचारपंथाने गुणांसाठी सूत्र दिलं : ‘ते तो नव्हेत, आणि त्याहून वेगळेही नव्हेत.’ मुख्य गुण सात : जीवन, ज्ञान, इच्छा, सामर्थ्य, श्रवण, दृष्टी, वाणी. दुसरा सुन्नी विचारपंथ, मातुरीदी, आठवा मानतो, घडवण्याचा. आपल्याकडे कोकणी मुसलमान धर्मकायद्याच्या शाफई पंथाचे, म्हणून परंपरेने अशअरी. घाटावरचे बहुसंख्य हनफी पंथाचे, म्हणून मातुरीदी. दोन्ही फळ्यावर घ्या.

आता निकेयाच्या विश्वासांगीकाराचा अरबी पाठ काढा. पुत्राबद्दल तिथे शब्द आहेत : ‘मौलूद गैर मखलूक’. जनित, पण अनिर्मित. एक जमात हे येशूबद्दल म्हणते, दुसरी कुराणाबद्दल. ‘गैर मखलूक’ हे दोन शब्द तेच. दमास्कसचा योहान, खलिफांच्या राज्यात वाढलेला, आठव्या शतकात हाच पेच टाकतो : ईसाला तुम्ही देवाचा शब्द आणि आत्मा म्हणता ना, मग तो शब्द देवाच्या बाहेरचा असेल तर देव मुका ठरतो. तुम्ही आम्हाला ‘भागीदार जोडणारे’ म्हणता, आम्ही तुम्हाला ‘कापणारे’ म्हणतो. मुस्लिम पक्षाचं उत्तरही द्या, नाहीतर बाजू एकतर्फी होईल : ईसा हा ‘शब्द’ म्हणजे ‘हो’ (कुन) या आज्ञेने झालेला, आदमसारखाच (३:५९). अनादी वाणी वेगळी, त्या आज्ञेने झालेली वस्तू वेगळी.

मतभेदाची गाठ इथे आहे असं माझं मत. आकडा एक की तीन यावर मुलांना अडकवू नका. वाणी अनादी आहे हे दोघांनाही मान्य. ती *देह* होऊ शकते का, यावर फाटा फुटतो.

तासिका_चौथी

दोघातिघांनी मिळून तक्त्याचा निकालच लावला. ‘पिता’ आणि ‘प्रेम’ या ओळीचं काय करू? अल्लाच्या ९९ नावांत ‘पिता’ नाही, हे खरं ना?

रब्ब_आणि_बाप

खरं. तिरमिझीच्या हदीस-संग्रहातल्या (हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची, कृतींची नोंद) प्रचलित यादीत ‘पिता’ नाही, आणि ५:१८ मध्ये ‘आम्ही देवाची मुलं’ या दाव्यालाच हरकत आहे. भीती ही की ‘बाप’ म्हटलं की आज ना उद्या वंशावळ येते. पण एवढ्यावर ‘म्हणून प्रेम नाही’ असं लिहाल तर चूक होईल. ‘रब्ब’मध्ये पोसून वाढवण्याचा अर्थ आहे. ‘रहमान’ आणि गर्भाशयाचा ‘रहिम’ यांचा धातू एकच, आणि एका हदीसे-कुदसीत (अल्लाचे बोल सांगणाऱ्या हदीसमध्ये) अल्लाच सांगतो की त्या ‘रहिम’चं नाव मी माझ्या नावावरून ठेवलं. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत कैद झालेल्या बाईची हदीस आहे. ती मूल छातीशी धरते, आणि पैगंबर सांगतात की हिची मुलावर जितकी माया, त्याहून अल्लाची बंद्यांवर जास्त.

फरक आहे तो वेगळ्या जागी. कुराणात ‘अल्लाला प्रिय’ हे बहुधा विशिष्ट माणसांबद्दल येतं : सत्कृत्य करणारे, तौबा करणारे, भरवसा ठेवणारे, आणि जुलमी, उधळे त्याला प्रिय नाहीत. ‘वदूद’ (प्रेमळ) हे नाव दोनदा येतं (११:९०, ८५:१४). नव्या करारात मात्र प्रेम हा देवाचा स्वभावच, ‘देव प्रीती आहे’ (१ योहान ४:८), आणि ती माणूस पापी असतानाच क्रुसावर दाखवली (रोम ५:८). इस्लामला क्षमेसाठी बलिदान लागत नाही. तौबा केली की तो थेट माफ करतो, आणि क्रुसावरचा मृत्यूच ४:१५७ मध्ये नाकारलाय. म्हणून ‘प्रेम आहे / नाही’ असे रकाने करू नका. ‘प्रेम कशातून कळतं’ अशी ओळ करा.

‘अल्ला’ शब्दावरूनही घोळ होतो. अरबी बायबलातही देवाला ‘अल्लाह’च म्हणतात, माल्टाचे कॅथलिक ‘अल्ला’ म्हणतात. मलेशियात मात्र एका कॅथलिक साप्ताहिकाला हा शब्द छापायला बंदी होती आणि २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपिलाची परवानगी दिली नाही. आपल्याकडे फादर स्टीफन्सनी ओव्यांमध्ये रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, त्यात त्यांनी ‘परमेश्वर’ हा शब्द वापरला. नाव कुणाच्या मालकीचं नसतं, एवढं सांगून पुढे चला.

उक्नूम

‘एकच देव का?’ याचे तुकडे करा. रोख कुणाकडे आहे, वर्णन काय आहे, उपासना कशी आहे. पहिल्याला दोन्हीकडून अधिकृत होकार मिळतो : कुराण २९:४६ (‘आमचा आणि तुमचा देव एक’), आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६४चा चर्चविषयक दस्तऐवज, ज्यात मुस्लिम ‘आमच्यासह एकाच दयाळू देवाची’ आराधना करतात असं आहे. त्याच्याही आधी १०७६ मध्ये सातव्या ग्रेगरी पोपने उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम राजाला लिहिलं होतं : एकच देव मानतो, फक्त वेगळ्या रीतीने. वर्णन आणि उपासना यांवर मात्र दोन्हीकडे ठाम नकार. अनेक इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट पहिला होकारही देत नाहीत. त्यांच्या मते पुत्राला वगळून पित्याकडे रोखच जात नाही. तेही सांगा.

वेळ : पहिली तासिका शब्द आणि नाणी (१०), त्रैक्य आणि मोडणाऱ्या उपमा (२५), ११२वी सुरा (१५). दुसरी ‘गैर मखलूक’साठी ठेवा, फक्त शेवटची १५ मिनिटं ‘एकच का?’. प्रेमाची ओळ घरी लिहायला द्या.

तासिका_चौथी

तक्ता पुन्हा केला. पहिली ओळ ‘देवाची वाणी’ : ख्रिस्ती रकान्यात येशू, इस्लामी रकान्यात कुराण. मग पैगंबर मुहंमदांसमोर कोण? जागा रिकामी राहते.

कलाम_शास्त्र

मरिया लिहा. ही जोडी काही मुस्लिम अभ्यासकांनीही लावलेली आहे. तिचं कौमार्य आणि पैगंबरांचं ‘उम्मी’ (निरक्षर) असणं, दोन्हीकडे सांगायचं एकच : जे आलं त्यात यांची स्वतःची भर नाही. मात्र आधी दोन वाक्यांत कारण सांगा आणि मगच नाव लिहा. नुसतं नाव फळ्यावर दिसलं तर दोन्हीकडची मुलं बुचकळ्यात पडतील.