‘सिक्वेन्शियल रीड’ला ‘सलग वाचन’ चालेल का?

बाळीवेस: पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी लिनक्सची टिपणं मराठीत करतोय. माझं वाक्य: ‘फाइल सलग वाचली जातेय हे ओळखून कर्नल पुढची पानं आधीच मेमरीत आणतो.’ (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, पान म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा.) तपासणाऱ्यांनी ‘सलग’ खोडून ‘क्रमवार’ केलं. ‘सलग’मध्ये काय चुकलं?

होटगीरोड: खोडलं ते योग्यच. सलग म्हणजे एकमेकांना लागून असलेलं, ‘संलग्न’मधलं. डिस्कवर फाइलचे तुकडे चार जागी विखुरलेले असले तरी प्रोग्राम पानं १, २, ३ अशीच मागतो, आणि कर्नल फाइलमधला पानाचा क्रमांक बघतो, डिस्कवरची जागा नाही. साठवण सलग, वाचन क्रमवार.

चाटीगल्ली: ‘ओळीने वाचणं’ म्हणा की, बोलीतलं आहे. खरी पंचाईत ‘रीड-अहेड’ची, म्हणजे पुढची पानं आधीच आणण्याची. ‘आगाऊ वाचन’ म्हटलं तर पोरं हसतील.

होटगीरोड: का हसावं? ‘आगाऊ’ मूळ ‘अग्र’वरून. आगाऊ रक्कम देताना कोणी हसत नाही.

चाटीगल्ली: मग ‘पूर्ववाचन’?

होटगीरोड: अजिबात नको. त्यातून ‘एकदा वाचून झालंय’ असा अर्थ निघतो, आणि इथे तोच फरक महत्त्वाचा. एकदाच वाचलेलं पान निष्क्रिय यादीत, म्हणजे आधी सोडायच्या पानांत राहतं, पुन्हा वापरात आलं तर सक्रिय यादीत जातं. म्हणून ८ जीबी मेमरीच्या मशीनवर ५० जीबीचा बॅकअप ओळीने वाचला तरी डेटाबेसची नेहमीची पानं बरीचशी टिकतात.

अक्कलकोटरोड: आपल्याकडे शब्द आहे की! मागावर धोट्यातली सुताची कांडी संपायच्या आत दुसरी भरून तयार ठेवतात. इथेही तेच. एका वेळी आगाऊ आणायची नेहमीची मर्यादा १२८ केबी, म्हणजे ४ केबीची ३२ पानं. आणलेल्या पानांपैकी एकावर खूण असते. वाचणारा तिथे पोचला की पुढचा हप्ता मागवला जातो, त्यामुळे वाचणारा खोळंबत नाही. ‘आगाऊ भरणी’ म्हणा. आणि टिपणात एकक नक्की लिहा: ही मर्यादा बदलणाऱ्या ब्लॉकडेव्ह कमांडच्या सेट-आरए पर्यायाला आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये लागतो. १२८ केबीसाठी २५६. केबी समजून १२८ टाकलं तर निम्मंच, ६४ केबी मिळतं.

चाटीगल्ली: कांडी रिकामी होते हो, वाचलेलं पान मेमरीतच राहतं. उपमा तिथे तुटते. म्हणून तर ‘फ्री’ कमांडमध्ये मोकळी मेमरी कमी दिसली की मुलं घाबरतात. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना.

अक्कलकोटरोड: मान्य. मग पान काढून टाकण्याला काय म्हणाल? हकालपट्टी?

होटगीरोड: हकालपट्टी गुन्हेगाराची होते. न बदललेलं पान नुसतं ‘सोडून देतात’, डिस्कवर प्रत आहेच. बदललेलं पान मात्र आधी डिस्कवर उतरवावं लागतं. म्हणून ‘ही पानं आता नकोत’ अशी ‘डोंट-नीड’ची सूचना देण्याआधी एफसिंक करायचं, म्हणजे बदल डिस्कवर उतरवायचे, नाहीतर ती पानं जागची हलत नाहीत.

चाटीगल्ली: आणि अशा बदललेल्या, ‘डर्टी’ पानाला? ‘मळकं’?

अक्कलकोटरोड: ‘न उतरवलेलं’.

चाटीगल्ली: ते शब्द नाही, स्पष्टीकरण झालं.

बाळीवेस: म्हणजे माझ्या वाक्यात ‘क्रमवार’ ठेवू की ‘ओळीने’?