नोटिशीला उत्तर द्या, पण जपून
पर्सनल लोनची नोटीस फाडून टाका, काही होत नाही, हा सल्ला मला पटत नाही. आधी ती कशाची आहे ते बघा. चेक बाउन्सची (कलम १३८) असेल तर मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरावी लागते, नाहीतर फौजदारी तक्रार होऊ शकते. नुसती थकबाकीची असेल तर खात्याचा उतारा आणि व्याज-दंडाचा हिशोब लेखी मागा. घाईत ‘कर्ज मान्य आहे, सवलत द्या’ असं सही करून पाठवू नका. बँकेला वसुलीचा दावा कोर्टात लावायला ३ वर्षांची मुदत असते; ती संपायच्या आत अशी कबुली दिली की ती तिथून नव्याने मोजतात. वसुलीवाले सकाळी ८ आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील (करतातच!), तर कॉल लॉगसकट बँकेकडे तक्रार टाका.