ताईच्या लग्नाच्या पाकळ्या : आत्तापासून वाळवायला घेऊया

आत्या (गुहागर): सगळ्यांनी नीट वाचा. लग्नाला 5 आठवडे राहिले आणि मांडवात उडवायचं काय ते अजून ठरलेलं नाही. गेल्या वर्षी आपल्याच मांडवात ओल्या गुलाबपाकळ्यांवरून आजीचा पाय सरकला नि मनगट 6 आठवडे प्लास्टरात राहिलं. ओल्या पाकळ्या यंदा नकोतच. वाळवलेल्या हव्यात, त्याही घरी केलेल्या.

दादा: म्हणजे अक्षता बंद? भटजींना चालेल?

आत्या: बंद कशाला? विधीला आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना कुंकवाच्या अक्षता वाटीभर ठेवू. बाकी मांडवाला पाकळ्या. दर सावधानला मुठी उडतात, सगळा तांदूळ पायाखाली जातो. दुसऱ्या दिवशी तो केरात भरताना माझा जीव तुटतो.

वहिनी (चिपळूण): आत्या, मी एकदा झेंडू वाळवला होता. आठवड्याने डबा उघडला तर पांढरी लव आलेली. सगळा टाकावा लागला.

आत्या: फुलं अख्खी वाळवलीस ना? झेंडूची खालची हिरवी वाटी ओल धरून बसते, वरून पाकळी कुरकुरीत लागली तरी. आधी वाटी काढून पाकळ्या सुट्या करायच्या. मग पडवीत सावलीला, सुती लुगड्यावर एकेरी पसरायच्या. उन्हात नको, रंग उडतो. वर्तमानपत्रही नको, ओल्या पाकळीला शाई लागते. सकाळ-दुपार हाताने हलक्या वरखाली करायच्या आणि दिवेलागणीच्या आत उचलून घरात. आपल्याकडे रात्रीच्या हवेत पापड मऊ पडतो, तिथे पाकळीचं काय! 4-5 दिवस लागतील. मुठीत धरली की खळखळ वाजली पाहिजे. पूड झाली तर जास्त वाळली, वाकली तर अजून कच्ची.

वहिनी: डब्यात भरल्यावर?

आत्या: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तळाला कोऱ्या तांदळाची पुरचुंडी. पहिले 3 दिवस रोज उघडून बघायचं. झाकणाला आतून दव दिसलं की पुन्हा पसरायच्या. हे चुकवू नका, बुरशी इथेच धरते.

दादा: मायक्रोवेव्हमध्ये होईल का पटकन?

वहिनी: थोड्या होतात. दोन कागदांत ठेवून अर्धा-अर्धा मिनिट, मध्ये उघडून बघायचं. पण 300 माणसांचं होणार नाही.

काका: 300 जणांना किती फुलं लागतील?

आत्या: पाकळीत बहुतेक पाणीच असतं. किलोभर सुट्या पाकळ्यांच्या वाळून दीड-दोनशे ग्रॅम राहतात. माणशी 2 ग्रॅम धरले तर 600 ग्रॅम. वाट्या-देठ जाणार, म्हणून फुलं 6-7 किलो आणा. झेंडू जास्त, गुलाब थोडा. लाल गुलाब वाळून काळपट होतो, गुलाबी बरा दिसतो. मोगरा आणू नका, तपकिरी पडतो.

वहिनी: देवळात उतरवलेल्या माळा मिळतील, विचारू का?

आत्या: नको. देवाला वाहिलेलं निर्माल्य झाडाच्या बुडात जातं, नवरा-नवरीच्या डोक्यावर नाही. फुलं ताजीच घेऊ.

मामी (वेंगुर्ला): मी सुरंगी आणते. आमच्याकडे फाल्गुनातच कळ्या वाळवून ठेवल्यात. मूठभर घातली तरी सगळ्या डब्याला वास लागतो.

आत्या: आणा मामी, नक्की आणा! आणि बकुळ परड्यात पडतेच आहे. ती वाळली तरी वास सोडत नाही.

ताई: आत्या, माझ्या अष्टपुत्रीला डाग पडतील का?

आत्या: आधी ओल्या पांढऱ्या रुमालात चोळून बघू. ज्या पाकळीचा रंग उतरेल ती तुम्हा दोघांच्या जवळपास द्यायची नाही, मागच्या रांगांना द्यायची. तिथल्या मुठी तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

काका: वाटायच्या कशात? प्लास्टिकच्या पिशव्या नकोत.

आत्या: फणसाच्या पानांचे द्रोण, माडाच्या हिरांनी टाचलेले. आदल्या दिवशी करू. पानं नीट पुसून घ्या, ओल्या पानात पाकळी लगेच मऊ पडेल.

आजी: पाकळ्या सुट्या करायला मी बसते. हात बरा आहे आता. दोन सुपं आणि पाट पडवीत ठेवा, फुलं आली की सकाळी लवकर हाक मारा.