'गावकरीची जमीन' की 'गावकऱ्यांची जमीन'?

मांडवीकाठ
पुण्याच्या एका वकिलांसाठी गोव्यातल्या बार्देशातल्या जमिनीचे जुने पोर्तुगीज कागद मराठीत करतोय. कोमुनिदादला (गावची जमीन सांभाळणारी जुनी संस्था) मी आपलं नेहमीप्रमाणे 'गावकरी' लिहिलं, 'सदर जमीन गावकरीची आहे' असं. त्यांनी ते खोडून 'गावकऱ्यांची' केलं आणि वर शेरा, शुद्धलेखन तपासावे! आता गावकऱ्यांची म्हटलं तर काल भाड्याने राहायला आलेला पण त्यात येतो, आणि गावकरी ही संस्था आहे, तिच्यात गावकार म्हणजे मूळ वांगडांचे, म्हणजे घराण्यांचे, पुरुष वंशजच. पुण्यात कळेल असा शब्द आहे का कुणाकडे?

शब्दवेडी
'ग्रामसंस्था' चालेल ना? सुटसुटीत आहे.

खाजनकार
नाही चालणार. ग्रामसंस्था म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पंचायत येते आणि पंचायत आमच्याकडे आली 1962 च्या कायद्याने. गावकरी त्याच्या कितीतरी आधीची, 1526 मध्ये आफोंसु मेशियाने तिसवाडीतल्या गावकारांचे चालत आलेले रिवाज कागदावर आणले, म्हणजे तेव्हाच ती जुनी होती. आजपण एका गावात दोन्ही नांदतात (नांदतात कसल्या, भांडतात), जमीन कोमुनिदादची, बांधकामाचा परवाना पंचायतीचा. आणि मांडवीकाठ, फक्त वंशज असं सरसकट लिहू नका, काही कोमुनिदादींत शेअरवाले पण असतात.

म्हापशेकरीण
आमचे आजोबा झोण आणायला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. झोण म्हणजे गावकरीच्या उत्पन्नातला गावकाराचा वाटा. मिळायचे किती तर जाण्यायेण्याचं तिकीट सुटेल एवढे, पण वहीत आपलं नाव वाचलं जातं त्याचा रुबाब. आत्येला कधीच मिळाली नाही, लग्न होऊन त्याच गावात राहिली तरी. त्यामुळे 'गावकऱ्यांची' वाचून मला हसूच आलं, आत्येला विचारा म्हणावं.

परखड
मुळात पोर्तुगीज गेले 1961 ला, आपण कोमुनिदाद कोमुनिदाद का करत बसलोय? स्वच्छ मराठी शब्द वापरा.

खाजनकार
स्वच्छ म्हणजे कुठला? जिल्हा अरबी, तालुका अरबी, महसूल अरबी, ज्याच्याकडे दाखला मागायला जाता तो मामलेदार पण अर्धा अरबी अर्धा फारसी. सोवळं पाळायचं तर कचेरीच्या पायरीवरच अडकाल. आणि ज्या कायद्याने कोमुनिदादी आज चालतात तो कोडच 1961 च्या एप्रिलमधला आहे, पोर्तुगीज जायच्या आठ महिने आधीचा. पेपरात, नोटिशीत सगळीकडे कोमुनिदादच.

शब्दवेडी
एक मिनिट, तुमच्याकडे अजून मामलेदार म्हणतात?? आमच्याकडे तो फक्त मिसळीत उरलाय, बाकी तहसीलदार.

सत्तरीवाला
हो, मामलेदारच. आणि सातबारा पण मागू नका, इथे एक-चौदा मिळतो. बाकी तुमची ही गावकरीची चर्चा जुन्या काबिजादीची, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या भागाची, तिसवाडी बार्देश सासष्टवाल्यांची. आमच्याकडे सत्तरीत राणे सरदारांचे मोकासे (इनामी गावं) होते, अल्वारांच्या (पोर्तुगीज सरकारने सनदेने दिलेल्या) जमिनी अजून लटकलेल्या आहेत, तिथे झोण कसली नि काय. आम्हाला गावकार दिसतो तो शिगम्याला (होळीच्या सणाला) मांडावर, म्हणजे गाव जमतं त्या जागेवर, पहिला मान त्याचा. जमिनीपेक्षा मान मोठा.

परखड
काबिजाद म्हणजे कब्जाच ना? मग जुना कब्जा, नवा कब्जा म्हणा की. आणि सत्तरी म्हणजे सत्तर गाव, सासष्ट म्हणजे सहासष्ट, तिसवाडी तीस, मग बार्देश बारा देश धरायचे तर हिशोबात एकदम गावाचा देश कसा झाला?

म्हापशेकरीण
बार्देशकरांचं सगळं मोठंच असतं 😄

मांडवीकाठ
अहो माझं वाक्य तसंच राहिलंय. 'गावकरी (कोमुनिदाद)' असं लिहून खाली एकदाच व्याख्या दिली तर?

खाजनकार
द्या. पण व्याख्येत 'सामुदायिक मालकी' लिहू नका, तो परत सगळ्या गावाला वाटेल. 'सभासदांची' लिहा.

शब्दवेडी
'गावकी' का नाही पण? कोकणात गावकी म्हणतातच.

सत्तरीवाला
गावकी वाळीत टाकते हो, झोण देत नाही. आणि व्याख्या देणारच असाल तर महाजनची पण द्या, पुणेकर वकील त्याला सावकार समजतील. फोंड्याकडच्या देवळांचे महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरेने सभासद, वेगळे, त्यांचा 1933 चा कायदा वेगळा आणि देवस्थानांचा प्रशासक परत मामलेदारच. पालखी कुणी उचलायची यावर भांडण झालं की जत्रेच्या आदल्या दिवशी बिचारा फायली घेऊन बसतो.

परखड
महाजन म्हणजे सावकार हा अर्थ हिंदीतून आलाय. मराठीत नव्हता.

खाजनकार
हे कुठून काढलंत? पेठेचे शेटे-महाजन विसरलात वाटतं. ते काय देऊळ चालवायचे?