साने काकांची पावसाची वेबसाइट आणि रिन्यूअलचं बिल

साने काका, सी ४०२: सर्वांना नमस्कार. सोसायटीच्या ग्रुपसाठी विषय जरा अवांतर आहे, सेक्रेटरींनी रागावू नये. गच्चीवरच्या पर्जन्यमापकाची नोंद मी ज्या वेबसाइटवर टाकतो, तिचं होस्टिंग, म्हणजे इंटरनेटवर साइट ठेवायची जागा, या महिन्यात संपतंय. कंपनीचं बिल असं: होस्टिंग ₹४,३००, डोमेन (साइटचं नाव) ₹९००, एसएसएल (साइटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट) ₹१,२००, वर १८ टक्के जीएसटी. एकूण ₹७,५५२, आणि हे एकाच वर्षाचे. मागे तीन वर्षांचे मिळून ₹४,८०० भरले होते. कुणाला बरी कंपनी माहीत आहे का? दहा-बारा पानं आणि एक तक्ता, एवढीच साइट.

देशपांडे, सेक्रेटरी: चालू द्या काका. ए विंगच्या गेटसमोर पांढरी स्विफ्ट कुणाची आहे? टँकर खोळंबलाय.

पाटील, ए २०१: काका, सोपं आहे. होस्टिंगर, बिगरॉक, गोडॅडी, तिघांचे भाव बघा आणि स्वस्त पडेल तिथे हलवा. माझ्या प्रिंटिंगच्या दुकानाची साइट सहा वर्षं अशीच चालू आहे.

केतकी, बी १०३: पाटील काका, जाहिरातीतला महिन्याचा भाव बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. रिन्यूअलचा भाव खाली बारीक अक्षरात असतो. साने काकांचं तेच झालंय. नुसती कंपनी बदलली तर मुदत संपल्यावर हाच मेसेज पुन्हा ग्रुपवर येणार.

जोशी काकू, बी ३०१: सेलमधल्या साडीसारखं आहे हे. साडी अर्ध्या किमतीत, फॉल-पिकोचे पैसे विचारू नका.

केतकी, बी १०३: 😄 फॉल-पिको म्हणजे ते ₹१,२०० चं एसएसएल. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. ९० दिवसांचं असतं, पण सर्व्हर, म्हणजे साइट ज्या मशीनवर असते तो, ते आपोआप नवं करून घेतो. काकांच्या साइटवर पैशांचा व्यवहार नाही, काही नाही. तिला विकतचं कशाला?

मिहिर, ए ४०३: पण त्या प्लॅनमध्ये स्पेस अनलिमिटेड असेल ना?

केतकी, बी १०३: अनलिमिटेड थाळीत असते तशी. पाटी लावलेली असते, ‘अन्न टाकल्यास जादा आकार’. इथे जागा मोकळी असते, पण किती फायली ठेवायच्या आणि एका वेळी किती जणांची कामं सर्व्हरने करायची, याला मर्यादा असते. एकाच मशीनवर शेकडो साइट्स असतात, म्हणून तर ते स्वस्तात देता येतं.

साने काका, सी ४०२: मर्यादेवरून आठवलं. २०२४ च्या २५ जुलैला पुण्यात एकतानगरीत पाणी शिरलं, त्या सकाळी लोक माझा आकडा बघायला आले आणि साइटवर ‘५०८’ असं काहीतरी इंग्रजीत आलं. कंपनीला फोन केला तर म्हणाले, वरचा प्लॅन घ्या. वर्षभर कुत्रं फिरकत नाही त्या साइटवर, आणि ज्या दिवशी उपयोग होता त्याच दिवशी बंद.

केतकी, बी १०३: ५०८ म्हणजे तीच मर्यादा ओलांडली. काका, तुमची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुणी पान उघडलं की सर्व्हर पीएचपी भाषेतला कोड चालवतो, डेटाबेसमधून माहिती काढतो, मग पान रचून देतो. तुमचा आकडा बदलतो दिवसातून एकदा. मग दर माणसामागे नवा स्वयंपाक कशाला? पानं एकदाच तयार करून नुसत्या फायली ठेवायच्या. गिटहब पेजेस आणि क्लाउडफ्लेअर पेजेस या सेवा अशा फायलींना जागा फुकट देतात. गिटहबला साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याला साधारण १०० जीबी ट्रॅफिक चालतं. तुमची साइट फोटो धरून किती असेल?

साने काका, सी ४०२: पुतण्याने मोजली होती. ६० एमबी.

मिहिर, ए ४०३: फुकटच हवं असेल तर माझा जुना लॅपटॉप आहे. वायफाय लावून घरूनच चालवू.

जोशी काकू, बी ३०१: आणि गुरुवारी लाइट गेली की पाऊस थांबला समजायचं का रे?

पाटील, ए २०१: केतकी, तू कंपनीत हेच करतेस म्हणून तुला सोपं. काकांना रोज सकाळी मोबाइलवरून आकडा टाकायचाय. त्यांनी काय कोड लिहायचा? आणि साइट पडली तर फुकटवाल्यांना फोन कुठे करायचा? माझ्या होस्टिंगवाल्याला मी फोन करतो, तो हिंदीत बोलतो, पंधरा मिनिटांत काम होतं. त्याचेच पैसे देतो मी.

केतकी, बी १०३: हे मात्र खरं आहे. फुकटात फोन नाही. दुकानाची साइट असेल, ऑर्डर येत असतील, तर मीही पैसे भरून शेअर्ड होस्टिंगच (एका मशीनवर अनेक साइट्सवालं) घ्या म्हणेन, आणि सर्व्हर मुंबईचा निवडा म्हणेन. अमेरिकेतल्या सर्व्हरला प्रत्येक निरोपाच्या जाण्यायेण्यात दोनशे मिलिसेकंदांच्या वर जातात, मुंबईला त्याच्या पासंगालाही नाही. शिवाय गिटहब पेजेसवर दुकान चालवायला परवानगीही नाही.
काकांच्या रोजच्या नोंदीसाठी गुगल शीट करू. फोनवर शीट उघडायची, तारखेसमोर आकडा लिहायचा. साइट तिथूनच आकडे उचलेल. एक मात्र आहे. गिटहबच्या फुकट खात्यात साइटच्या फायली सगळ्यांना दिसतात.

साने काका, सी ४०२: दिसू देत. पाऊस काय लपवून ठेवायचाय? पस्तीस वर्षं हवामान खात्याच्या सिमला ऑफिसमध्ये हेच केलं, सकाळी साडेआठला मोजायचं आणि जगाला सांगायचं. पण माझा ईमेलही त्या साइटच्या नावाचाच आहे.

केतकी, बी १०३: बरं झालं सांगितलंत, लोक नेमकं हेच विसरतात. होस्टिंग बंद झालं की तो मेलबॉक्सही जातो. आधी जुन्या मेल उतरवून घ्या. पुढे येणारी मेल क्लाउडफ्लेअर फुकटात तुमच्या जीमेलवर वळवेल, पण त्या पत्त्यावरून उत्तर पाठवायला वेगळी सोय करावी लागेल. आणि मुदत संपायच्या आत सीपॅनलमधून, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधून, साइटचा पूर्ण बॅकअप घ्यायचा. शनिवारी येऊन करून देते.

जोशी काकू, बी ३०१: शनिवारी उकडीचे मोदक करतेय, केतकीसाठी सी विंगमध्ये पाठवते.

केतकी, बी १०३: 🙏 काका, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. डोमेन कुणाच्या अकाउंटमध्ये आहे?

साने काका, सी ४०२: साइट ज्या मुलाने करून दिली त्याच्या. का?

केतकी, बी १०३: मग बाकी सगळं सोडा, आज त्यालाच फोन लावा. होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली, आवडली नाही तर सामान उचलून दुसरीकडे. डोमेन म्हणजे तुमचा पत्ता. तो दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये असेल आणि त्याने फोन उचलला नाही, तर खोली कितीही चांगली घ्या, लोक जुन्याच दारावर येणार. त्याच्याकडून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, मागा, मग डोमेन तुमच्या नावाच्या अकाउंटमध्ये आणता येईल. त्या बिलातले डोमेनचे ₹९०० तेवढे रास्त आहेत, कुठेही गेलात तरी डोमेनचे पैसे दरवर्षी भरावेच लागतील. आणि होस्टिंगचं ऑटो-रिन्यूअल आजच बंद करा, नाहीतर आपण चर्चा करतोय तोवर कार्डातून पैसे जायचे.

देशपांडे, सेक्रेटरी: पांढरी स्विफ्ट???

मिहिर, ए ४०३: सॉरी काका, माझ्या मित्राची आहे. काढतोय.

साने काका, सी ४०२: ऑटो-रिन्यूअल बंद केलं. त्या मुलाचा फोन तिसऱ्यांदा लागला, सध्या बंगळुरूला असतो. संध्याकाळी कोड पाठवतो म्हणाला. आजची नोंद, सकाळी ८:३० पर्यंतच्या २४ तासांची: १४.२ मिमी.

पाटील, ए २०१: केतकी, आपलं डोमेन आपल्याकडे आहे की नाही हे कसं बघायचं गं?

केतकी, बी १०३: ज्या अकाउंटमधून दरवर्षी रिन्यू होतं, त्याचं लॉगिन तुमच्याकडे आहे का?

पाटील, ए २०१: माझ्या साडूच्या भाच्याकडे आहे. तो तीन वर्षं कॅनडात आहे.